बिनविरोध

मावशी बसथांब्यावरून पुढे निघून गेली, तेव्हा मी खिडकीत उभी होते. एरवी त्या वेळी मी जागी नसते. दाराची कडी लागल्याचा आवाज आला, घसा कोरडा पडला होता म्हणून उठले, आणि पाण्याचा पेला हातात घेऊन उगाच खाली पाहिलं. उजाडायला अवकाश होता, पण रस्त्यावरचे दिवे चालू होते आणि त्या उजेडातून मावशी तिच्या नेहमीच्या, डाव्या खांद्याकडे किंचित कललेल्या चालीनं चालली होती. थांब्याच्या शेडपाशी ती थांबली नाही. थांबायचं सोडाच, तिनं तिकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मला आधी वाटलं, विसरली. पण माणूस छत्री विसरेल, डबा विसरेल, जिथं माझ्या जन्माच्या आधीपासून रोज उभा राहतो ती जागा कशी विसरेल? मग पाण्याचा घोट घशाखाली उतरता उतरता कळलं, की तो थांबा आता तिच्या कामाचाच नाही. तिथून सुटणारी बस आता जुन्या कालव्याच्या रस्त्यानं इस्पितळाकडे जात नाही. ती नव्या पुलावरून कॉलेजकडे जाते. आणि तिला तिकडे वळवणारी मी. म्हणजे मी एकटी नाही, अख्खं सभागृह. बिनविरोध.

मी पुन्हा अंथरुणावर जाऊन पडले, पण झोप कुठली यायला! घरात मला 'चौकशी' म्हणतात. लहानपणी मी इतके प्रश्न विचारायचे, की मावशी म्हणायची, हिला देवानं तोंड दिलं ते फक्त 'का' म्हणायला. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते, मावशीनंच वाढवलं, आणि माझ्या प्रत्येक 'का'ला तिच्याकडे काहीतरी उत्तर असायचं. ते खरं असेलच असं नाही, पण असायचं. मात्र एक गोष्ट तिच्याकडे कधीच नव्हती. तिनं मला कधी 'नाही' म्हटलं नाही. शाळेत असताना मी सुट्टीत स्वयंपाकघरातलं फळीचं कपाट निळ्या रंगानं रंगवलं होतं. रंग कसला होता कोण जाणे, तो नीट वाळलाच नाही. त्यावर ठेवलेल्या ताटल्या चिकटायच्या आणि उचलताना चर्रकन आवाज यायचा. मावशी म्हणाली, छान झालंय गं, घर कसं उजळलं. पुढं कित्येक महिने ती ताटल्यांखाली वर्तमानपत्र घालायची आणि मी पाहत नाही असं बघून बुडाला चिकटलेला कागद नखानं खरवडायची. मी ते पाहिलं होतं. पाहूनही मला तेव्हा कधी वाटलं नाही, की हिला विचारावं. जगातल्या सगळ्या गोष्टींची चौकशी करणारी मी, पण हिच्याकडे माझी नजर गेली की प्रश्न संपायचे. ही गोष्ट मला त्या सकाळी, छताकडे बघत पडल्यावर पहिल्यांदा विचित्र वाटली.

आमच्या शहराच्या सभेनं या वर्षी दोन तरुणांना सभागृहात बसवलं. नुसतं बसवलं नाही, प्रस्ताव मांडायचा आणि मत द्यायचा हक्क दिला. प्रयोग म्हणून, वर्षअखेरपर्यंत. पुढं या जागा ठेवायच्या की काढायच्या, ते तेव्हा ठरायचं. एका जागेवर मी आले आणि दुसऱ्यावर कायदा शिकणारा एक मुलगा, ज्याला आम्ही सगळे कायदेपंडित म्हणतो, कारण तो कॅन्टीनमध्ये चहा सांगतानासुद्धा कलम सांगितल्यासारखा बोलतो. बसचा प्रस्ताव आम्ही दोघांनी मिळून केला. कॉलेजच्या पोरांना पुलाच्या अलीकडे उतरून वारा खात पायपीट करावी लागायची, बस मात्र कालव्याच्या ओसाड रस्त्यानं जायची. आम्हांला तो रस्ता ओसाडच दिसायचा, कारण आम्ही तो दुपारी पाहिला होता. आम्ही कॉलेजात फिरून मतं घेतली. मी घरी जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा रंगवला, जुना मार्ग करडा, नवा केशरी. कोण काय विचारील याची आम्ही आठवडाभर तालीम केली. डिझेल किती जास्त लागेल, पुलावर गर्दी होईल का, शेवटची बस कुठं थांबेल. उत्तरं पाठ होती. सभेत मी उभी राहिले, समोरच्या माइकला कुणाच्या तरी कालच्या अत्तराचा वास येत होता, माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी ऐकू येत होता, आणि बोलून संपल्यावर मी थांबले. प्रश्नांची वाट पाहत. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं, "कुणाचा विरोध?" म्हणाल्या, आणि मग टाळ्या. लांबलचक, मायेच्या टाळ्या, छोट्या मुलीनं गाणं म्हटल्यावर पाहुणे वाजवतात तशा. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत मावशी उभी राहून वाजवत होती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण घरी येताना जिभेवर ती सगळी उत्तरं तशीच होती, कुणी न मागितलेली, आणि मला वाटत राहिलं, एवढ्या मोठ्या माणसांना एकही शंका कशी आली नाही?

मी खिडकीतून पाहिलं त्याच दिवशी मावशी दुपारी कामावरून आली, तेव्हा मी विचारलं. मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. शाळेला सुट्टी असली की ती मला तिथं घेऊन जायची, आणि मला आठवतं ते मशीनमधून निघालेल्या चादरींचं ऊन, कोरडं, थोडं भाजल्यासारखं अंग, आणि समोरासमोर उभ्या राहून घडी घालणाऱ्या बायका. दोघी चादरीची टोकं धरून एकमेकींकडे चालत यायच्या, बोटं बोटांना लागायची, पुन्हा मागं जायच्या. बोलणं चालूच. मी त्या चादरीखालून पळायचे. त्याच बायका त्या पहाटेच्या बसमध्ये असायच्या. हे मला ठाऊक होतं की! नकाशा रंगवताना माझ्या डोक्यात हे कुठं गेलं होतं? ते तिथंच असणार, पण घरातल्या वस्तूंकडे आपण बघतो का?

"मावशी, तू चालत जातेस?" मी म्हटलं.

"मग काय झालं? चालणं बरं असतं. डॉक्टर पैसे घेऊन तेच सांगतात, मला फुकट मिळतंय." ती चपला काढून तळव्यांना हात लावत होती.

"स्टेशनला बस बदलून जाता येत नाही?"

"येतं. पण ती पोचते तेव्हा कामाची पाळी लागून गेलेली असते."

"तुला आधी कळलं होतं?"

ती हसली. "अगं, नकाशा तू याच टेबलावर रंगवलास. मी त्यावरून तुझं ताट सरकवलं. तुझी केशरी रेघ इस्पितळाकडे जात नाही, एवढं मला दिसतं. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस? उलट टाळ्या वाजवत होतीस!"

"टाळ्या नको वाजवू तर काय डोळ्यांना पदर लावू? तू किती खुशीत होतीस." मग तिनं माझ्या गालाला हात लावला. हाताला साबणाचा वास होता. "तुझं नाव पेपरात आलं. धुलाईघरात सगळ्यांनी वाचलं."

मला राग आला. तो तिचा नव्हता असं मी स्वतःला सांगत होते, पण तो तिचाच होता. लाडानं कुणी आपल्यापासून काही लपवलं तर त्याला चोरी म्हणता येत नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याबरोबर निघाले. ती नको नको म्हणत होती. कालव्याचा रस्ता त्या वेळी ओसाड नव्हताच. पुढे बायका, मागे बायका, दोन रखवालदार, एक वॉर्डबॉय सायकल हातात धरून, कारण तिच्यात हवा नव्हती. कालव्याच्या पाण्यावरून गार, शेवाळी वास येत होता, आणि सगळे जण एका चालीनं, न बोलता, श्वास वाचवत चालल्यासारखे चालले होते. मला पाहून मात्र सगळ्या बोलू लागल्या. आमच्या मेंबरबाई आल्या! आता पुढचं काय आणताय? मी विचारलं, तुम्हांला त्रास होतोय ना? छे छे, म्हणाल्या. पाय मोकळे होतात. एक जाडशी बाई, जिच्या चादरीखालून मी पळायचे, धापा टाकत म्हणाली, "माझ्या पोराचं बरं झालं बघ. आता कॉलेजच्या दारात उतरतो." तिचं म्हणणं अगदी खरं होतं. तिचा मुलगा दारात उतरत होता आणि ती धापा टाकत होती, आणि दोन्ही गोष्टी माझ्या एकाच रेघेनं केल्या होत्या. मला हे सगळं नकाशावर दाखवता येईल का, असा एक वेडा विचार मनात आला. इस्पितळाच्या फाटकापर्यंत मी सगळ्यांना तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं विचारला, आणि एकीनंही मला दोष दिला नाही. परतताना मी एकटी होते. मला इतकं एकटं याआधी कधी वाटलं नव्हतं.

मावशीनं माझ्या मायेपोटी केलं, ते मी समजू शकत होते. पण सभागृहातली माणसं? त्यांना माझी कसली माया? हे कोडं सुटेना, म्हणून मी घड्याळजींकडे गेले. घड्याळजी म्हणजे सभागृहातले सगळ्यांत जुने नगरसेवक. त्यांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि निवडून येण्यात त्या दुकानाचा मोठा वाटा आहे, कारण अर्ध्या शहराची घड्याळं त्यांच्याकडे कधी ना कधी उघडी पडलेली असतात. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळावर वाकले होते. मी स्टुलावर बसले आणि सरळ विचारलं, की माझा प्रस्ताव आला तेव्हा पहाटेच्या बायकांची बस जाणार हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

"आलं होतं," ते वर न बघता म्हणाले. "माझी बहीणही तिथंच होती कामाला, रिटायर झाली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

आता त्यांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलं होतं. "बाळ, तुला कुणी सांगितलं नाही? आपल्या सभागृहाची रीत आहे. नव्या सदस्याच्या पहिल्या प्रस्तावाला विरोध करायचा नाही. बापजाद्यांपासून चालत आलंय. माणूस पहिल्यांदा उभा राहतो, पाय लटपटत असतात. तेव्हा कशाला कुणाचा हिरमोड करा?"

"पण मग कुणी काहीही मागेल!"

"मागत नाहीत ना. ज्याला रीत ठाऊक आहे तो काहीतरी निरुपद्रवी मागतो. आम्ही सगळ्यांनी बाकडं मागितलं."

आमच्या शहरात बाकडी फार आहेत. नको तिथं आहेत. पाण्याच्या टाकीखाली आहे, जिथं सतत ठिबकतं. एका वळणावर दोन बाकडी पाठीला पाठ लावून आहेत, रुसलेल्या जावांसारखी. आणि पोस्टाच्या मागं एक आहे, ज्याचं तोंड भिंतीकडे आहे. लहानपणी त्यावर बसून मी त्या भिंतीकडे पाहत मावशीला विचारायचे, लोक इथं काय बघत असतील? ती म्हणायची, भिंतीलाही कुणीतरी सोबत नको का?

"पोस्टामागचं कुणाचं?" मी विचारलं.

"माझं," घड्याळजी म्हणाले, आणि जरा ओशाळले. "तेव्हा तिथं भिंत नव्हती. चांगली झाडं दिसायची. भिंत दुसऱ्या कुणाच्या तरी दुसऱ्या प्रस्तावात आली."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, तुम्ही दोघं सरळ बसच घेऊन आलात. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, पण आता पोरांना कोण सांगणार? नकाशा इतका छान रंगवला होता. मी म्हटलं, मला पहाटेची बस परत कालव्याच्या रस्त्यानं हवी आहे, मी प्रस्ताव आणते. त्यांनी हातातलं भिंग फडक्यानं पुसलं. समोरच्या भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा दाखवत टकटकत होती. "आण," ते म्हणाले. "पण तो तुझा दुसरा प्रस्ताव असेल. दुसऱ्याची कुणी गय करत नाही. मीसुद्धा नाही. आणि आपणच केलेलं आपणच मोडायला निघालीस, तर ज्यांना तुमच्या जागा नकोच आहेत ते म्हणतील, हा पोरखेळ आहे, बंद करा. वर्ष संपत आलंय. तुझी बस वाचेल, जागा जाईल. विचार कर."

मी विचार केला म्हणजे काय, त्याच्याभोवती फिरत राहिले. कायदेपंडिताला सांगितलं तर तो पांढराफटक पडला. पहाटेच्या त्याच बसनं प्रॅक्टिकलची पोरं येतात, म्हणाला, ती पुन्हा पायपीट करतील, शिव्या आपल्याला. आणि तू आपल्या पायावर धोंडा मारून घेते आहेस ते वेगळंच. पुढच्या वर्षी इथं बसणाऱ्या मुलांचा विचार कर. मी खरंच केला. माझ्यामागून येणारी कोणी मुलगी डोळ्यांपुढं आणली, माझ्याच खुर्चीवर बसलेली. तिला मी काय ठेवून जाणार? खुर्ची ठेवली तर तिनं त्यावर बसून बाकडं मागायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि नाही ठेवली तर तिला आत यायलाच मिळणार नाही. मला दोन्ही नको होतं. मला कळेना की मला नक्की काय हवंय, आणि ते न कळण्याचीही एक गंमत वाटत होती, जिभेनं हलणारा दात ढोसत राहावं तशी. मावशीला मी काही सांगितलं नाही. पण तिला सगळं कळतं, हे आता मला ठाऊक होतं.

सभेच्या दिवशी या वेळी नकाशा नव्हता. मी उभी राहिले आणि सांगितलं, की दिवसाची पहिली बस तेवढी जुन्या रस्त्यानं इस्पितळापर्यंत न्यावी. मागच्या खेपेला आम्ही फक्त कॉलेजात विचारलं होतं, ज्या बाया रोज ती बस भरतात त्यांना विचारलं नव्हतं, ती आमची चूक. बसते न बसते तोच घड्याळजी उठले. त्यांचा आवाज दुकानातला नव्हता. त्यांनी विचारलं, तेव्हा विचारलं नाही, मग आज सगळ्यांना विचारलं आहे कशावरून? प्रॅक्टिकलच्या मुलांचं काय? डेपोतून गाडी उलट्या दिशेनं निघाली तर दुसरी फेरी उशिरा सुटते, याचा हिशेब कुणी केला? दर दोन महिन्यांनी शहरानं तुमच्या मनासारखं वळायचं का? मागून कुणीतरी म्हणालं, पोरखेळ. हशा पिकला. माझे कान तापले, आणि मला एकदम जाणवलं, की हा माणूस माझ्याशी भांडतोय. मी बोललेला शब्दन् शब्द ऐकून, त्यातलं कच्चं कुठं आहे ते शोधून भांडतोय. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा घडत होतं. मला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही खूप.

मी उठले. डेपोचं मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. प्रॅक्टिकलच्या मुलांना चालावं लागेल, हेही कबूल केलं. पण ती माझ्या वयाची आहेत आणि त्या बायका पाळीभर उभ्यानं काम करतात. मग मी न ठरवलेलं बोलले. म्हणाले, "मागच्या वेळी तुम्हांला हे सगळं दिसत होतं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आमचा हिरमोड होऊ नये म्हणून वाजवल्यात, त्याबद्दल राग नाही. म्हणजे, आहे. पण पुढं ज्या कोणाला इथं बसवाल, त्यांना पहिल्याच दिवशी विरोध करा. नाहीतर बसवू नका."

हशा थांबला होता. अध्यक्षबाई घंटेवर हात ठेवून बसल्या होत्या, ती वाजवायची की नाही ते त्यांना ठरवता येईना. मग एका नगरसेविकेनं उपसूचना आणली, की पहिली बस वर्षअखेरपर्यंत कालव्याच्या रस्त्यानं सोडून पाहावी आणि पुढचा निर्णय तरुणांच्या जागांबरोबरच घ्यावा. हात वर झाले. कायदेपंडितानं विरोधात हात वर केला, माझ्याकडे न बघता, कोपर ताठ. घड्याळजींनीही विरोधात केला, शेवटपर्यंत. तरी ती कशीबशी मंजूर झाली. माझी जागा आणि मावशीची बस, दोन्ही आता एकाच दोरीला टांगलेल्या होत्या. बाहेर पडताना घड्याळजी माझ्या शेजारून गेले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी डेपोच्या माणसाला आधी भेटून या." नेहमीचं 'बाळ' म्हणाले नाहीत. मी वर गॅलरीत पाहिलं. मावशी कठड्याला टेकून बसली होती, हात मांडीवर. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढं चालत होती. मला वाटलं, सगळ्यांसमोर त्या बायकांचं गाऱ्हाणं मांडलं, ते तिला लागलं असेल. तिनं चहा टाकला, कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "सकाळचं केलंस ते ठीक. पण परतीचं काय?"

"परतीचं?"

"पाळी सुटल्यावर घरी कसं यायचं आम्ही? उडत? पाळीभर उभं राहून पाय दगड झालेले असतात. जाताना एक वेळ चालवतं, येताना नाही चालवत. हे कुणी विचारलंस?"

"तुम्हीच सगळ्या म्हणत होतात ना, पाय मोकळे होतात म्हणून!"

"आम्ही म्हणणारच. तुला कळायला नको?" ती वळली. तिच्या कपाळावर मी कधी न पाहिलेली आठी होती. "अर्धवट काम करून आलीस. आणि तो थांबाही चुकीच्या ठिकाणी आहे, इस्पितळाच्या मागच्या दाराला हवा. आम्ही पुढच्या दारानं जात नाही, ते पेशंटचं."

मी काही उत्तर द्यायला तोंड उघडलं. मतं किती कमी पडत होती, उपसूचना कशी आली, सगळं तोंडात होतं. पण ते मी तिथंच ठेवलं. मी गॅस बारीक केला, खुर्ची ओढली आणि तिच्या समोर बसले.

"अजून?" मी म्हटलं.

"अजून पुष्कळ आहे," मावशी म्हणाली. "आणि मधे बोलू नकोस."